इनासकाका आणि वाऱ्याच्या गल्ल्या

इनासकाकांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या भेटीत चांगलं म्हटलं नाही. मला तर नाहीच नाही. जेवणाच्या बाबतीत त्यांचा नियम असा, की दुसऱ्यांदा खाल्ल्याशिवाय मत द्यायचं नाही. आमच्याकडे ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा केतकीने, म्हणजे माझ्या बायकोने, हौसेने विचारलं, "काका, भरलं वांगं कसं झालंय?"

"पुढच्या वेळी सांगतो," काका म्हणाले.

केतकी तीन आठवडे त्या वांग्याचा विचार करत राहिली. चौथ्या आठवड्यात तिने त्यांना मुद्दाम बोलावलं आणि पुन्हा तेच वाढलं. काकांनी सावकाश खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाले, "मागच्या वेळीही चांगलंच होतं."

हे इनासकाका मूळचे वसईचे. वसईहून आखातात, आखातातून ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला. तिथल्या पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलं. पण साधं नव्हे. वितळलेलं पोलाद ज्या भांड्यांत आणि भट्ट्यांत ओततात, त्यांना आतून खास विटांचं अस्तर लागतं. तो थर बसवणारे ते कारागीर. वीट बसवली की हातोडीने हलकेच वाजवायची, आवाज ऐकायचा, पोकळ वाटला तर काढून पुन्हा बसवायची, आणि सगळ्या विटा वाजवून झाल्या की कागदावर सही करायची. ती सही झाल्याशिवाय आत पोलाद पडत नसे. एक वीट चुकली तर बाहेर उभ्या माणसांचं काय होईल, हे काका कधी बोलत नसत. फक्त म्हणत, "न वाजवता मी सही करत नाही."

गेल्या वर्षी ते गेले. मी आता पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला असतो, सोन्याच्या खाणीत प्लॅनिंगचं काम करतो. बातमी कळल्यावर पर्थमार्गे सिडनी, सिडनीहून ट्रेनने वॉलॉंगॉंग असा बेत मी तातडीने आखला आणि माझ्या लौकिकाला जागून अंत्यविधीला एक दिवस उशिरा पोचलो. चुकीच्या तारखेचं विमान काढलं होतं. तर माझ्या प्लॅनिंगची योग्यता वाचकांना इथेच कळलेली बरी, कारण पुढे तिची गरज पडणार आहे.

आमची पहिली भेटही माझ्या प्लॅनिंगवरूनच झाली. मी पुण्याहून नुकताच आलेला, कारखान्याच्या देखभालीचं वेळापत्रक बनवणाऱ्या टीममध्ये. भट्टी बंद करून अस्तर बदलायचं होतं. मी एक रंगीबेरंगी तक्ता बनवला आणि सगळ्यांसमोर सादर केला. सगळं काम दोन दिवस आधीच संपत होतं. मॅनेजर खूश. मागच्या रांगेतून एक काळासावळा, बुटका, पांढऱ्या भुवयांचा माणूस उठला, माझ्या लॅपटॉपपाशी आला आणि पडद्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"यात विटा वाळायला वेळ कुठेय?" इंग्रजीत.

मी बघितलं. विटा वाळण्याच्या रांगेत शून्य दिवस होते. तो आकडा मी भरायलाच विसरलो होतो.

माझं नाव वाचून ते मराठीवर आले. "पुण्याचा काय रे? मग वाचून दाखवण्याआधी वाजवून बघायचं." त्या दिवसापासून मी 'पुणेकर' झालो, आणि त्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागलो.

पण पूर्ण नाही. मी घर घेतलं तेव्हा पैसे भरून झाल्यावर त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळं घर पेराने वाजवत फिरून बघितलं आणि बाथरूमच्या भिंतीपाशी थांबले. "ही भिंत विकायला सजवलीय. राहायला नाही." मी हसलो. चार महिन्यांनी एका सकाळी मी शॉवरखाली तान घेत असताना ती भिंत, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या टाइल्स, एकदम खाली आल्या. केतकी धावत आली. "लागलं का?" नाही, हे कळल्यावर म्हणाली, "काकांनी सांगितलं होतं, तूच ऐकलं नाहीस." मी साबणाच्या फेसात उभा होतो.

नारळ घ्यायला ते ट्रेनने पार सिडनीच्या पेंडल हिलपर्यंत जात. दोन-अडीच तास. स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात टोपलीपाशी उभे राहून एकेक नारळ कानाशी धरून वाजवत. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अंकल, ये मंदिर की घंटी नहीं है." तोवर काकांच्या मागे पाच बायकांची रांग लागली होती. त्या काकांकडून आपले नारळ निवडून घेत होत्या. काकांनी प्रत्येकीला निवडून दिले. स्वतःला मात्र एकही पसंत पडला नाही. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

आता इवोबद्दल सांगायला हवं, कारण इवोशिवाय इनासकाका अर्धेच.

इवो क्रोएशियाचा. कोर्चुला नावाच्या बेटावरचा, दगड घडवणाऱ्यांच्या घरातला. काका आखातातून आले तेव्हा त्यांना हे काम शिकवलं ते इवोने. तेवीस वर्षं दोघांनी भट्टीच्या पोटात खांद्याला खांदा लावून विटा बसवल्या. आत प्रचंड उकाडा, बोलायला दोघंच. इवो आपल्या गावाचं बोले. त्याचं सगळ्यात लाडकं वर्णन हे, की त्याच्या गावाच्या जुन्या भागातल्या गल्ल्या वाऱ्याला विचारून काढल्या आहेत. पश्चिमेकडच्या गल्ल्या अगदी सरळ, म्हणजे उन्हाळ्यातली समुद्राची गार झुळूक घरापर्यंत यावी. पूर्वेकडच्या गल्ल्या जराशा वाकवलेल्या, म्हणजे हिवाळ्यातला बूरा नावाचा बोचरा वारा वाटेतच अडावा. टोळीतलं कुणी विश्वास ठेवत नसे. काकाही नाही.

इवोच्या निवृत्तीच्या पार्टीला कामगारांच्या क्लबात चाळीसेक माणसं होती. काकांना भाषण करायला सांगितलं. काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "इवोच्या गावात वारासुद्धा ट्रॅफिकचे नियम पाळतो. पश्चिमेचा असलास तर सरळ जा, पूर्वेचा असलास तर वळून घरी जा. इवोला गावाने का हाकललं माहीत आहे? तो वन-वेमध्ये उलटा गेला." क्लब हसून हसून कोसळला. इवोने ग्लास खाली ठेवला, कोट उचलला आणि बाहेर गेला. टेबलावरची भेट न घेता.

ते शेवटचं. पुढची पंधरा वर्षं दोघं दर रविवारी दुपारी त्याच क्लबात येत राहिले. इवो खिडकीपाशी, काका पार दुसऱ्या टोकाला दरवाजापाशी. एक शब्द नाही.

हे मला काकांनी स्वतः सांगितलं, मेरीकाकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्याच्या पुढच्या वर्षी, आमच्या ओट्यावर बसून. म्हणाले, "त्या माणसाकडे गावातलं दुसरं काही नव्हतं रे. घर विकलेलं, फोटो नाही, माणूस नाही. तेवढी एक गोष्ट होती. ती मी चाळीस जणांत वाटून टाकली."

"मग माफी मागा ना, काका."

"कशाची? ते खरं आहे का, मला कुठे माहितेय?"

मी लगेच फोन काढला, शोधलं आणि समोर धरलं. "हे बघा, इथे लिहिलंय. खरं आहे."

काकांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "लिहिलंय. मी लिहिलेल्यावर कधी सही केली नाही. खरं नसेल आणि मी सॉरी म्हटलं, तर ती दया झाली. त्याला कळेल. इवोला पोकळ वीट लगेच कळते."

इवो तेव्हा ब्याऐंशीचा. व्हीलचेअरवर आलेला. काकांनाही धाप लागायची. केतकी आतून म्हणाली, "अरे, मग तूच घेऊन जा की काकांना त्या गावाला. एवढा प्लॅनिंगचा अभिमान आहे ना तुला." तिला स्वतःला हॉस्पिटलातल्या नोकरीतून रजा मिळत नव्हती. म्हणून माझ्यासारख्या माणसाच्या हाती इनासकाकांचं पंधरा वर्षांचं ओझं आलं.

मी एक्सेलमध्ये सगळा प्रवास बसवला. रजा कमी होती, म्हणून कोर्चुलात एकच मुक्काम. स्प्लिट बंदरातून बोट, दुपारी बेटावर, दुसऱ्या दिवशी पहाटेची परतीची बोट. पण दुपार पुरेशी होती. ती गार झुळूक दुपारीच वाहते आणि संध्याकाळी पडते, असं मी वाचलं होतं. एका चौकोनात मी लिहिलं होतं, 'हॉटेल ते जुनं गाव: चालत आठ मिनिटं.' जूनची स्वच्छ दुपार, बोटीतून उतरलो, हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि आठ मिनिटं चाललो. एक छान बंदर आलं, माडासारखी झाडं आली, आइस्क्रीमचं दुकान आलं. जुन्या गावाची तटबंदी काही येईना.

आइस्क्रीमवाल्याला विचारलं. तो आधी हसला आणि मग त्याला आमची दया आली. कोर्चुला हे बेटाचं नाव आहे आणि गावाचंही. मी हॉटेल बेटावर घेतलं होतं. गाव बेटाच्या दुसऱ्या टोकाला होतं, रस्त्याने तासभर. बस नुकतीच गेली होती.

मी काकांकडे बघायचं टाळलं. ते बाकावर बसले होते. म्हणाले, "पुणेकर, नकाशा उघडून बघितला होतास?"

"नाही काका."

"बरं. आइस्क्रीम घे एक. तुझा चेहरा उतरलाय."

टॅक्सी मिळेपर्यंत सहा वाजले. टॅक्सीवाल्याने तिकडे दोन-अडीच तास थांबायचं कबूल केलं. आम्ही जुन्या गावाच्या दारात उभे राहिलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होत चालला होता.

ते गाव मी नीट कसं सांगू? समुद्रात घुसलेलं जमिनीचं एक छोटं बोट, आणि त्या बोटावर पांढऱ्या दगडाचं गाव. मधोमध कण्यासारखी एक वाट वर चर्चकडे जाते आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या खाली पाण्यापर्यंत उतरतात. काका दारातच थांबले आणि म्हणाले, "सरंग्याचा काटा." खरंच, ताटात उरलेल्या सरंगा माशाच्या काट्यासारखंच होतं ते. पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या. डोक्यावर पाकोळ्यांचा कल्ला. कुठल्याशा खिडकीतून मासे तळल्याचा वास, दोरीवर चादरी, कौलं वसईच्या जुन्या घरांसारखी नळीची, आणि प्रत्येक गल्लीच्या तळाशी निळ्या समुद्राची एक उभी पट्टी. मी सहसा अशा ठिकाणी पहिल्यांदा फोटो काढतो. त्या दिवशी फोन खिशातून काढायला माझा हात पुढे होईना.

काका मात्र कामाला लागले. खिशातून पातळ कागदाची लांब पट्टी काढली. भट्टीत हवेची ओढ कुठून आहे ते अशाच पट्टीने बघतात. पश्चिमेच्या पहिल्या गल्लीत, वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी ती दोन बोटांत धरली. गल्ली पट्टीने आखावी तशी सरळ. वारा पडलाच होता, मला तर काही जाणवत नव्हतं. पण कागद हलला. आधी थरथरला, मग हळूहळू उचलला गेला आणि आमच्याकडे वळला. समुद्राच्या शेवटच्या श्वासासारखं काहीतरी त्या पायऱ्या चढून वर आलं होतं. मग काका कणा ओलांडून पूर्वेच्या गल्लीत गेले. गल्ली खरोखरच वाकलेली होती. कागद मेल्यासारखा लोंबकळत राहिला.

"काका, झालं!" मी ओरडलो. "सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं? वारा पश्चिमेचा आहे, तो पूर्वेला कसा लागेल? थंडीतला तो दुसरा वारा आता कुठेय?"

"मग?"

"मग अर्धी भिंत वाजवली. अर्ध्या भिंतीवर सही करतात का?"

पहाटे बोट होती. मी पायरीवर बसलो आणि जानेवारीत पुन्हा किती रजा मिळेल याचा हिशोब मनात करू लागलो. काका वाकलेल्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून नुसते उभे होते. तेवढ्यात दिवे लागले. तिथे दिवे भिंतीवरच बसवलेले आहेत, त्यामुळे उजेड भिंतीला घासत खाली येतो. भिंतीच्या अंगावर काटा यावा तसे छिन्नीचे सगळे घाव एकदम वर आले. मी घाईघाईने फोनचा टॉर्च लावून मदतीला गेलो.

"बंद कर तो. समोरून उजेड टाकला की दगड सपाट दिसतो."

मी बंद केला. काका गल्ली उतरून पार समुद्राच्या टोकाला गेले. तिथल्या पहिल्या घराच्या कोपऱ्याचे दगड खारट वाऱ्याने पोखरले होते, मुंग्यांनी साखरेचा खडा खावा तसे. बोट आत जाई एवढी भोकं. तिथून काका वर चढू लागले, एक तळवा भिंतीवर ठेवून, डोळे मिटून, एकेक पायरी. धाप लागली की थांबत, पण तळवा उचलत नसत. मी मागून चालत होतो. भोकं उथळ झाली. मग नुसता खरखरीतपणा राहिला. मग जिथे गल्ली वाकते, तिथून दोन पायऱ्या वर, काकांचा हात थांबला.

"ये इकडे. हात लाव."

मी लावला. दगडाची धार बोटाला लागेल इतकी तीक्ष्ण होती. छिन्नीची रेघ न् रेघ मोजता येत होती, जणू कारागीर आत्ताच जेवायला घरी गेलाय.

"चार-पाचशे वर्षं वारा इथपर्यंत येतोय," काका अगदी हळू म्हणाले, "आणि इथे संपतोय. दगडावर लिहिलंय रे. मी कशाला जानेवारीत येऊ?"

तरी त्यांनी आणखी तीन गल्ल्या तपासल्या. तिसरीत एका आजीबाईंनी खिडकी उघडून दम भरला. दोन परके पुरुष तिच्या भिंतीला कुरवाळत होते, तिचं काय चुकलं? मी तिथल्या भाषेतलं पाठ केलेलं एकुलतं एक वाक्य म्हणालो. ते 'शुभ सकाळ' निघालं. आजी हसायला लागली. काकांनी फक्त समुद्राकडे बोट केलं आणि विचारलं, "बूरा?" आजीने तोंडाने वाऱ्याचा आवाज काढला, दोन्ही हातांनी तो समुद्राकडून गल्लीत आणला, बरोबर वळणापाशी तळहात आडवा धरला आणि आवाज बंद केला. मग मान हलवून खिडकी लावून घेतली.

काकांनी टोपी काढली. पायरीवर बसले. 

"आमच्या वसईच्या किल्ल्यात मी लहानपणी रोज खेळायचो," ते म्हणाले. "पोर्तुगीजांचं अख्खं गाव होतं ते. आता छपरं नाहीत, दारं नाहीत. गल्ल्या आहेत, पण त्या अशाच का काढल्या, कुणाला माहीत नाही. मला वाटायचं, दगड रचले झालं. त्याही कुणीतरी असाच विचार करून काढल्या असतील ना? सांगायला माणूसच उरला नाही." थोडं थांबून म्हणाले, "इवो उरलाय. आणि मी त्याला गप्प केलं."

परतीच्या टॅक्सीत त्यांनी एवढंच विचारलं, "आपण रविवारच्या आत पोचतो ना? की त्यातही काही केलंयस?"

पोचलो. रविवारी दुपारी मी त्यांना क्लबात घेऊन गेलो. माझा सल्ला होता, की सरळ इवोच्या टेबलापाशी जाऊन हळूच बोलावं. "चाळीस जणांत हसवलं, आता कोपऱ्यात सॉरी म्हणू?" असं म्हणून ते थेट माइकपाशी गेले. चाळीसांतले नऊच उरले होते, आणि त्यांतल्या निम्म्यांना तो जुना विनोद आठवतही नव्हता. मग आपण कशाची माफी मागतोय हे कळावं म्हणून काकांनी तो विनोद पहिल्यापासून पुन्हा सांगितला. नऊ म्हातारे पुन्हा खदाखदा हसले. मी डोक्याला हात लावला. खिडकीपाशी इवोने व्हीलचेअरचं चाक वळवलं.

"थांब, इवो," काका माइकमध्ये म्हणाले. "मी जाऊन आलो."

चाक थांबलं.

मग काकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कागदाची पट्टी, समुद्राच्या टोकाचे पोखरलेले दगड, वळणापाशी थांबलेला हात. विशेषण एकही नाही. तपासणीचा रिपोर्ट वाचावा तसं. हसणाऱ्यांनी ग्लास खाली ठेवले. शेवटी म्हणाले, "मी चार गल्ल्या हाताने तपासल्या. इवोने सांगितलं ते खरं आहे. मी खोटा होतो. सॉरी, मेट."

इवोने चाक पुन्हा त्यांच्याकडे वळवलं. मग खरखरीत आवाजात विचारलं, "सकाळी गेलास की संध्याकाळी?"

"संध्याकाळी. या पुणेकराने हॉटेल चुकीच्या टोकाला घेतलं."

"संध्याकाळ चांगली," इवो म्हणाला. "दिवे लागले होते?"

"लागले होते."

इवोने शेजारची खुर्ची हाताने पुढे ढकलली.

खुर्चीकडे जाता जाता काका मला म्हणाले, "तू गाडीत बस. पाच मिनिटांत येतो." मी पार्किंगमध्ये जाऊन बसलो. माझं कालगुर्लीच्या नोकरीचं नक्की झालं होतं, पुढच्या आठवड्यात निघायचं होतं, हे त्यांना गाडीत सांगायचं मी ठरवलं होतं. समोर क्लबची मोठी काच होती. आत इवो हाताने हवेत एक लांब वळण काढत होता. इनासकाका पुढे वाकून बघत होते. मग काकांनी नाही म्हणून मान हलवली, इवोने टेबलावर थाप मारली आणि दोघंही एकाच वेळी बोलायला लागले.

पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. तासभर झाल्यावर मी हळूच हॉर्न वाजवला. काचेआड काकांचा हात वर झाला आणि माझ्या दिशेने हलला. जा, जा तू. एवढंच. तोंड त्यांनी इवोकडून वळवलं नाही.